मामांचा जुना एचओ लेआउट परत चालू करायचाय, सुरुवात कुठून करू?

शंटिंग_यार्ड:

मंडळी, माझ्या मामांनी १९८० च्या दशकात बांधलेला मॉडेल रेल्वेचा लेआउट आता माझ्याकडे आलाय. बरीच वर्षं चादरी घालून झाकून ठेवलेला होता. मला तो नुसता शोभेला ठेवायचा नाहीये, गाड्या पळवायच्यात आणि जमलं तर थोडा वाढवायचाय पण. गाड्या चालवायचा थोडाफार अनुभव आहे, दुरुस्तीचा अजिबात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, जाणकारांनी वेळ काढून वाचावं ही विनंती.

साइज ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे साधारण २.४ मीटर बाय १.२ मीटर. एचओ (म्हणजे १:८७ मापाचा), दोन रुळांचा, साधा डीसी. बाहेर मोठा वळसा, आत छोटा वळसा, दोन्हींना जोडणारा एक क्रॉसओव्हर, आतल्या बाजूला तीन लाइनचं यार्ड, एका कोपऱ्यात डोंगर आणि बोगदा, समोर स्टेशन. बाहेरच्या वळशाचे रूळ पितळेचे आहेत, आता पार काळे पडलेत. आतला वळसा आणि यार्ड मामांनी नंतर टाकलं असावं, ते निकेल सिल्व्हरचं दिसतंय. वरचा बोर्ड पार्टिकल बोर्डचा आहे, खाली लाकडी फ्रेम. लांब पट्टी ठेवून बघितली तर मधोमध साधारण ८ मिमी खाली बसलाय. वायरी बारीक आहेत आणि वाकवल्या की वरचं प्लास्टिक तडकतंय, पण मामांनी बोर्डाच्या खालून प्रत्येक वायरीशेजारी पेन्सिलने नंबर लिहिलेत आणि एका कोपऱ्यात सगळ्याचा छोटा नकाशा काढलाय, इतकं सुबक काम आहे की ते पुसायला हात धजत नाही.

इंजिनं तीन. दोन जुनी वाफेची, एक त्यामानाने नवीन डिझेल. डिझेल आतल्या वळशावर अडखळत का होईना पण फिरतंय. वाफेचं एक नुसतं गुणगुणतं, हलत नाही. दुसरं ढकललं की चालतं, मग थांबतं. बोगद्याच्या तोंडाशी जो पॉइंट (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळवणारा सांधा) आहे तिथे एखादा डबा हमखास रुळावरून उतरतो.

मला हवंय ते असं: (१) सगळं नीट, न अडखळता चाललं पाहिजे. (२) डीसीसी (डिजिटल कंट्रोल) करायचंय, म्हणजे एकाच वळशावर दोन गाड्या वेगवेगळ्या चालवता येतील. (३) डोंगरावरून जाणारी एक वरची लाइन करायचीय, खालच्या लाइनवरून पूल टाकून. कुठलं काम आधी, कुठलं नंतर? पितळी रूळ ठेवू का काढू? वरची लाइन या साइजमध्ये बसेल का? आणि मुख्य म्हणजे मामांचं जितकं काम वाचवता येईल तितकं वाचवायचंय, हे लक्षात घेऊन सांगा.

---

सांधेवाला:

छान लिहिलंयत, इतकी माहिती दिली की उत्तर देणाऱ्याला पण बरं पडतं.

सगळ्यात आधी, जुना ट्रान्सफॉर्मर-कंट्रोलर बाजूला काढून ठेवा आणि परत प्लगला लावू नका. वायरींचं प्लास्टिक तडकतंय म्हणजे त्याच वयाच्या कंट्रोलरच्या आतलं इन्सुलेशन पण तसंच झालेलं असू शकतं, आणि तिथे घरच्या लाइनचं व्होल्टेज असतं, रुळावरचे १२ व्होल्ट नाही. तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, नवीन साधा डीसी कंट्रोलर घ्या, पुढे डीसीसी केलं तरी इंजिनं तपासायला तो कायम लागतो.

मग फोटो. वरून, चारी बाजूंनी, खालून, प्रत्येक जोडणीचा जवळून. मामांचा पेन्सिलचा नकाशा तर आधी. जुनी वायर एक काढायची, त्याच नंबरची नवीन टाकायची, मग पुढची. सगळ्या एकदम उपटल्या की नंबर असून पण कळत नाही कुठली कुठून आली.

धूळ आधी कोरडीच काढा. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला नायलॉनचा पातळ मोजा बांधा, म्हणजे सुटलेले दिवे, माणसं, कठड्याचे तुकडे मोज्यात अडकतात, परत चिकटवता येतात. धुळीवर ओलं फडकं फिरवलं तर तिचा चिखल होतो आणि तो पॉइंटच्या सांध्यात जाऊन बसतो.

रूळ साफ करताना पॉलिश पेपर वापरू नका, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत काळा मळ पहिल्यापेक्षा लवकर धरतो. जुना थर फारच घट्ट असेल तर रूळ घासायचा रबरी ठोकळा एकदाच फिरवा, मग गुळगुळीत स्टीलच्या वॉशरने रुळाचा माथा दाबून घासून चकचकीत करा. रोजच्या सफाईला दोरे न सुटणारं फडकं आणि व्हाइट स्पिरिट (मिनरल टर्पेंटाइन). बरेच जण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, चालतं, पण माझा अनुभव असा की व्हाइट स्पिरिटनंतर काळा मळ परत यायला जास्त वेळ लागतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय करंट देऊ नका, पेट घेणारा पदार्थ आहे.

आणि हो, चाकं! रूळ लखलखीत केले आणि चाकं तशीच ठेवली तर एका फेरीत सगळं पूर्ववत. रुळावर आडवा टिश्यू ठेवायचा, त्यावर दोन थेंब स्पिरिट, इंजिनाची अर्धी चाकं टिश्यूवर, अर्धी कोरड्या रुळावर करंट घेत, आणि हाताने धरून चाकं फिरू द्यायची, मग इंजिन उलटं करून दुसरी बाजू. डब्यांना प्लॅस्टिकची चाकं असतील तर धातूची बसवा, प्लॅस्टिकच्या चाकांवर मळ जास्त चढतो आणि ती तो सगळ्या लेआउटभर पसरवतात.

पॉइंटवर गाडी उतरते त्याचं कारण निम्म्या वेळा पॉइंटमध्ये नसतंच, चाकांच्या जोडीत असतं. कॅलिपर घ्या आणि दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. एचओला साधारण १४.४ ते १४.५ मिमी पाहिजे. जुन्या डब्यांत चाकं धुरीवर सरकून हे अंतर कमी झालेलं असतं, मग चाक पॉइंटमध्ये अडकून वर चढतं. एकच डबा उतरत असेल तर दोष डब्याचा, सगळेच उतरत असतील तर पॉइंटचा.

पितळी रूळ मी तरी लगेच काढणार नाही. आधी आतला वळसा डीसीवर एकदम निर्दोष करा, मग बाहेरचा, मग बाकीचं बोलू.

---

फ्लेक्सट्रॅक:

सांधेवाल्यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण क्रमाशी नाही. माझ्या मते पहिला प्रश्न बोर्डाचा आहे.

पार्टिकल बोर्डने ओल धरली की तो फुगतो आणि फुगलेला परत पूर्वीसारखा होत नाही, स्क्रू धरत नाही. कडेला आणि खालून एखादा टोकदार स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. भुसा पडला, किंवा कड मधल्या भागापेक्षा जाड लागली, तर त्या बोर्डावर केलेली सगळी मेहनत दोन पावसाळ्यांत वाया जाणार. अशा वेळी ९ किंवा १२ मिमी प्लायवूड, खाली दर ३०-४० सेंमीवर आडवी पट्टी, आणि नव्याने रूळ.

बोर्ड टणक असेल आणि नुसता झोक आला असेल तर मात्र वाचेल. ८ मिमी झोकाचं तुम्ही फार घेऊ नका, बोर्डाच्या लांबीत हिशोब केला तर १.२ मीटरला ८ मिमी म्हणजे चढ पाऊण टक्क्यापेक्षा कमीच, इंजिनाला कळणार पण नाही. त्रास दोन ठिकाणी होतो, यार्डात सोडलेले डबे आपोआप मध्ये घरंगळत येतात आणि रुळाच्या जोडावर वर-खाली कोन पडला तर कपलर (डबे जोडणारे आकडे) सुटतात. खालून आडव्या पट्ट्या लावून, लाकडी पाचर मारून हळूहळू उचला, एका दमात नको, नाहीतर वरचं प्लास्टर तडकेल.

पितळी रूळ काढाच असं माझं स्पष्ट मत आहे. पितळ फार लवकर काळवंडतं आणि तो थर करंट अडवतो. निकेल सिल्व्हर (ज्यात चांदी औषधालाही नसते, तांबं-निकेल-जस्त असतं) पण काळवंडतं, पण खूप सावकाश. डीसीमध्ये तुम्ही नॉब जास्त फिरवून वेळ मारून नेता. डीसीसीमध्ये त्याच करंटवरून डिकोडरला (इंजिनात बसवलेल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला) सूचना पण जातात, एक सेकंद संपर्क तुटला की इंजिन थांबतं, दिवा लुकलुकतो, आवाजाचा डिकोडर असेल तर आवाज पहिल्यापासून सुरू होतो. रोज घासत बसायची तयारी असेल तर ठेवा.

खडी पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली असणार. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब स्प्रेने मारा, अर्धा तास मुरू द्या, मग पातळ पत्र्याची पट्टी स्लीपरखालून सरकवत न्या, रूळ अखंड सुटतो. पण बोर्ड पार्टिकलचा आहे तेव्हा पाणी बेताने, डबकं होऊ देऊ नका.

आता वरची लाइन. पुलाखालून एचओचं इंजिन जायला खालच्या रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या तळापर्यंत ६५ ते ७० मिमी पाहिजे, पुलाची जाडी धरून रूळ ते रूळ ८० मिमी धरा. २ टक्के चढ म्हणजे मीटरला २ सेंमी, म्हणजे ८० मिमी चढायला ४ मीटर, आणि उतरायला तेवढेच. तुमचा बाहेरचा वळसा मी ५०५ मिमी त्रिज्येचा धरला तर अख्खी फेरी साधारण साडेपाच मीटरची होते. म्हणजे २ टक्क्यांत बसतच नाही. ३ टक्के केलं तर चढ-उतार मिळून ५.३ मीटर, वर सपाट जागा शून्य, आणि चढाच्या सुरुवातीला-शेवटाला जो हळूहळू गोलावा द्यावा लागतो तो पण नाही. शिवाय वळणावरचा चढ इंजिनाला सरळ लाइनवरच्या चढापेक्षा जड जातो. कागदावर बसलं तरी वाफेचं इंजिन तीन डबे घेऊन मध्येच चाकं फिरवत उभं राहील.

---

शंटिंग_यार्ड:

दोघांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासून आलो.

बोर्ड: स्क्रू ड्रायव्हर तीन कडांना आत गेला नाही, टणक आहे. डोंगराच्या मागची कड मात्र फुगलीय, साधारण दोन वीत लांबीत भुसा पडतो. ती कड भिंतीला लागून होती, तिथूनच ओल आली असणार. झोक मधल्या भागात आहे आणि तिथे आडवी पट्टी नाहीच, त्यामुळे पाचर मारून उचलता येईल असं वाटतंय.

चाकं: एकाच डब्यात अंतर १३.९ भरलं, बाकी सगळे ठीक. आणि उतरणारा डबा तोच! सांधेवाले, तुमचं अगदी बरोबर. चाकं धुरीवर ओढून १४.४ केली, आता त्या पॉइंटवरून सुरळीत जातो.

आतला वळसा साफ केला, डिझेल आता हळू वेगात पण छान फिरतंय. मात्र कंट्रोलर जिथे जोडलाय त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला गेलं की वेग कमी होतो, परत जवळ आलं की वाढतो. रूळ दोन्हीकडे सारखेच चकचकीत आहेत.

वरच्या लाइनचं वाचून थोडं वाईट वाटलं, पण हिशोब पटला. काही दुसरा मार्ग?

---

सांधेवाला:

लांब गेल्यावर वेग कमी होतो म्हणजे करंट रुळांच्या जोडांमधून प्रवास करतोय आणि प्रत्येक जॉइनरमध्ये थोडं थोडं व्होल्टेज कमी होतंय. जॉइनर ही पत्र्याची पकड आहे, रूळ एका रेषेत धरणं हे तिचं काम, इतक्या वर्षांनी तिच्यावर करंटसाठी भरवसा ठेवू नये.

उपाय एकच आणि तो कायमचा. बोर्डाखालून जाड वायरींची एक जोडी पूर्ण वळसा फिरवा, १.५ स्क्वेअर मिमी चालेल, २.५ असली तर उत्तम. त्या जोडीतून प्रत्येक रुळाच्या तुकड्याला ०.५ स्क्वेअर मिमीची छोटी वायर वर आणा, एक वीतभर लांबीची, जास्त नको. जाड वायर का, तर हिशोब बघा: ०.२ स्क्वेअर मिमीची बारीक तांब्याची वायर मीटरला साधारण ०.०८६ ओहम. ५ मीटर जाणं ५ मीटर येणं म्हणजे ०.८६ ओहम, २ अँपिअरला पावणेदोन व्होल्ट तिथेच गेले. तीच लांबी १.५ स्क्वेअर मिमीची असेल तर पाव व्होल्टच्या आत.

सोल्डरिंग रुळाच्या बाहेरच्या बाजूने करा म्हणजे चाकाच्या कडेला लागणार नाही. सोल्डरिंग आयर्न चांगलं तापलेलं पाहिजे आणि काम झटपट, कमी तापलेल्या आयर्नने घासत बसलं तर स्लीपर वितळतात. दोन्ही बाजूला ओल्या कापसाचे बोळे ठेवा, उष्णता तिथेच थांबते. फ्लक्स राळेचाच, ॲसिडचा नाही, त्याने पुढे जोड हिरवा पडून खातो.

सगळे जोड मात्र सोल्डर करून बंद करू नका. ३ मीटर निकेल सिल्व्हर रुळाचं तापमान २० अंशांनी वाढलं तर तो जवळजवळ १ मिमी लांबतो, आणि लाकूड हवेतल्या दमटपणाने त्याहून जास्त हलतं. वळणावरचे जोड सोल्डर, सरळ लाइनवरचे मोकळे आणि अगदी किंचित फट ठेवून.

झाल्यावर तपासायचं कसं, तर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या, साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. तो रुळाला लावून व्होल्टेज मोजा, कंट्रोलरजवळ एकदा, सगळ्यात लांबच्या टोकाला एकदा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असला तर वायरिंग पास. बल्ब न लावता नुसता मीटर लावला तर सगळीकडे १२ दिसेल आणि तुम्ही फसाल.

---

लोकोशेड:

इंजिनांबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

जे इंजिन गुणगुणतं पण हलत नाही त्याला आता अजिबात करंट देऊ नका! मोटर अडकलेली असताना करंट दिला की गुंडाळी तापून जळते. बहुतेक वेळा आतलं जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालेलं असतं. वरची बॉडी काढा, गिअर दिसतील, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने ते सगळं ग्रीस काढा, फक्त बॉडीच्या रंगाला लागू देऊ नका, जुना रंग सुटतो. चाकं बोटाने हलकी फिरायला लागली की मग प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल सुईच्या टोकावर घेऊन प्रत्येक बेअरिंगला एकच थेंब. जास्त तेल हा इंजिनाचा शत्रू, ते कम्युटेटरवर (मोटरच्या दांड्यावरच्या, करंट घेणाऱ्या तांब्याच्या भागावर) जातं आणि रुळावर पण येतं.

दुसरं, ढकलल्यावर चालतं ते, त्याचा कम्युटेटर बघा. तीन किंवा पाच तांब्याचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये बारीक फटी असतात. कापसाच्या काडीने तांबं पुसा, फटींतली काळी भुकटी लाकडी टूथपिकने काढा (धातूची सुई नको). कार्बन ब्रश झिजून स्प्रिंगपर्यंत आले असतील तर बदला. एखाद-दुसऱ्या चाकाला रबरी रिंग असेल तर ती पण बदला, इतक्या वर्षांत कडक होऊन तडकलेली असणार आणि चाक त्यामुळेच घसरतं.

धातूची चासी (इंजिनाचा खालचा सांगाडा) असेल तर नीट निरखून बघा, तिच्यावर बारीक जाळीदार भेगा किंवा फुगवटा दिसतोय का. जुन्या जस्ताच्या ओतकामात शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर ते आतून खात जातं आणि हातात चुरा होतो. त्याच्यावर उपाय नाही, दुसरी चासी शोधणं एवढंच.

आता डीसीसी. मोटरच्या सीरिजमध्ये अँपिअर मीटर लावा. १२ व्होल्टवर मोकळं धावताना किती ओढतं ते लिहा, मग एक क्षणभरच चाकं हाताने रोखून किती ओढतं ते बघा. हा दुसरा आकडा डिकोडरच्या क्षमतेच्या आत पाहिजे. एचओचे नेहमीचे डिकोडर सलग १ अँपिअरच्या आसपासचे असतात. जुन्या उघड्या मोटरीचं चुंबक कमजोर झालं की ती ताकद कमी देते आणि करंट मात्र जास्त ओढते, तेव्हा आकडा मोठा आला तर डिकोडर बसवायच्या आधी चुंबक बदला किंवा मोटरच बदलून छोटी बंद डब्याची मोटर बसवा, चाल तर इतकी सुधारते की विश्वास बसत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या इंजिनात मोटरचा एक ब्रश बरेचदा थेट चासीला जोडलेला असतो, म्हणजे एका बाजूच्या रुळाला. डिकोडर लावायच्या आधी दोन्ही ब्रश चासीपासून आणि रुळापासून पूर्ण वेगळे झाले पाहिजेत, मीटर लावून चाकं फिरवत खात्री करा. हे राहिलं तर डिकोडर पहिल्याच करंटला जातो. डिझेल नवीन आहे तर त्यात कदाचित ८ पिनचं सॉकेट असेल, मग त्याचं काम पाच मिनिटांचं. पहिल्यांदा नेहमी प्रोग्रामिंग ट्रॅकवरच (डिकोडरच्या सेटिंग बदलायच्या वेगळ्या रुळावर) ठेवा, तिथे करंट मर्यादित असतो म्हणून वायर चुकली तरी सहसा काही जळत नाही. नवीन डिकोडरचा पत्ता ३ असतो, तो सीव्ही १ मध्ये बदलायचा (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली नंबर दिलेली सेटिंग). सीव्ही ३ आणि ४ मध्ये वेग घेणं आणि थांबणं सावकाश करून बघा, वाफेचं इंजिन हळूच सुटतं तेव्हा जो आनंद होतो तो शब्दांत सांगता येत नाही.

बिनडिकोडरचं इंजिन पत्ता ० वर चालवायची सोय काही सिस्टिममध्ये असते, ती वापरू नका असंच मी म्हणेन. उभं असताना पण मोटर कुईकुई करत तापत राहते.

डीसी कंट्रोलर आणि डीसीसी एकाच वेळी एकाच रुळाला जोडलेले असता कामा नयेत. तुमच्याकडे क्रॉसओव्हर आहे, त्यामुळे आत डीसी बाहेर डीसीसी असा मधला प्रयोग तर नकोच, चाकं दोन वळशांमधली फट ओलांडतात त्या क्षणी दोन्ही एकत्र येतात.

---

डोंगर_बोगदा:

माझा सगळा जीव डोंगर-झाडांत, त्यामुळे मी त्याच बाजूने बोलतो.

डोंगर तोडू नका. पातळ करवतीने डोंगर जिथे बोर्डाला टेकतो तिथून पूर्ण कापून अखंड उचला, मामांचं काम जसंच्या तसं राहील, खालची फुगलेली कड बदलता येईल, आणि परत ठेवताना चिकटवू नका, नुसता बसवा. बोगद्यात गाडी उतरली तर हात गेलाच पाहिजे. माणसाचा हात ७०-७५ सेंमीपलीकडे नीट काम करत नाही आणि तुमचा बोर्ड १.२ मीटर रुंद, भिंतीला लावून ठेवला तर मागची लाइन कायमची हाताबाहेर. एकतर चाकं लावून बोर्ड ओढता येईल असा करा, नाहीतर डोंगराला मागून दार ठेवा. (१९८० च्या दशकातलं आहे म्हणून तुम्हाला बहुधा प्रश्न नाही, पण त्याहून जुने डोंगर कोणी कापत असेल तर थांबा, तेव्हा प्लास्टरमध्ये कधीकधी ॲस्बेस्टॉसची पूड मिसळली जायची. तसंही मास्क आणि ओलं फडकं हवंच.)

जुनी रंगवलेली भुश्याची हिरवळ उन्हाने फिकी झाली असेल. ती खरवडू नका, तिच्यावरच पातळ गोंद लावून स्टॅटिक ग्रास (विजेच्या भाराने उभं राहणारं कृत्रिम गवत) मारा, २ मिमी, ४ मिमी आणि थोडं ६ मिमी असं मिसळून, दोन-तीन हिरव्या-पिवळ्या छटा. एकाच लांबीचं एकाच रंगाचं गवत गालिच्यासारखं दिसतं.

नवीन खडी घालणार असाल तर बारीक घ्या. खरी खडी ५० मिमीची धरली तरी १:८७ मध्ये ती ०.६ मिमी होते. आणि खडी टाकायच्या आधी रुळाच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा, माथा लगेच पुसून घ्या. एवढ्या एका गोष्टीने रूळ खेळण्यातले वाटायचे थांबतात. माझ्या मते पैशाच्या आणि वेळेच्या मानाने सगळ्यात मोठा फरक याच कामाने पडतो.

वरच्या लाइनबद्दल फ्लेक्सट्रॅकरावांचा हिशोब बरोबर आहे, पण वरची लाइन खालच्या लाइनला जोडलेलीच पाहिजे असं कुठे आहे? डोंगराच्या अंगावर एक स्वतंत्र छोटी लाइन करा, दोन टोकांना दोन छोटी स्टेशनं, मध्ये पूल, आणि त्यावर एकच रेलकार आपोआप जा-ये करेल असं शटल सर्किट. चढ शून्य. खालून मालगाडी जातेय आणि वरून छोटी गाडी पूल ओलांडतेय, बघणाऱ्याला यापेक्षा जास्त काही नकोच असतं.

---

फ्लेक्सट्रॅक:

शटलची कल्पना मला पण आवडली, या साइजला तीच योग्य. जोडलेलीच हवी असेल तर एक मार्ग राहतो, एक लाइन ४० मिमी वर आणि दुसरी ४० मिमी खाली न्यायची, म्हणजे २ टक्क्यांत प्रत्येकीला दोनच मीटर लागतात. पण त्यासाठी बोर्ड कापून लाइनखालची पट्टी वेगळी करावी लागते, आणि पार्टिकल बोर्ड अरुंद कापला की वाकतो. म्हणून मामांच्या बोर्डावर ते करू नका.

बोर्ड टणक निघालाय तर सगळं उचलायचा माझा आग्रह मी सोडला. फुगलेली कड तेवढी कापून प्लायवूडची पट्टी जोडा, दोन्हीचा पृष्ठभाग एका पातळीत आला पाहिजे, अर्धा मिमी पायरी राहिली तरी डबा उडतो. त्या जोडावर रुळाचा जोड येऊ देऊ नका.

---

शंटिंग_यार्ड:

आता चित्र स्पष्ट झालं. डोंगर उचलला, कड कापली, बोर्डाखाली पट्ट्या घालून झोक दोन मिमीवर आणलाय. जाड वायरींची जोडी आतल्या वळशाला फिरवली, बल्ब लावून मोजलं तर लांबच्या टोकाला फरक ०.३ व्होल्ट! वेग आता सगळीकडे सारखा. नवीन वायरींना मामांचेच नंबर दिलेत, पेन्सिलचं काही पुसलं नाही.

गुणगुणणारं इंजिन ग्रीस काढल्यावर चालायला लागलंय. दुसऱ्याचं चुंबक कमजोर निघालं, रोखल्यावर १.८ अँपिअर ओढतं, त्याला नवीन मोटर बघतोय. बाहेरच्या वळशाचे पितळी रूळ काढायचं ठरवलं, सरळ तुकडे यार्डाच्या कडेला रुळांचा ढीग म्हणून रचणार आहे, म्हणजे तेही लेआउटवरच राहतील. वरती शटल लाइनच करणार.

एक शेवटची शंका. यार्डातल्या पॉइंटवर डिझेल हळू गेलं की मध्यभागी क्षणभर थांबतं. साफ केलं तरी तेच. डीसीसीला हे चालेल का?

---

सांधेवाला:

नाही चालणार, आत्ताच सोडवा. पॉइंटच्या मधलं जे इंग्रजी व्ही आकाराचं टोक आहे ते प्लॅस्टिकचं आहे का धातूचं ते बघा. प्लॅस्टिकचं असेल तर तेवढ्या भागात करंट नसतोच, लांब डिझेलची बाकीची चाकं करंट घेतात म्हणून पार होतं, छोटं इंजिन अडकणारच. तिथे इंजिनात कपॅसिटर बसवणं किंवा पॉइंट बदलणं हे दोनच उपाय.

धातूचं असेल तर त्याला करंट बहुतेक पॉइंटच्या सरकत्या पट्टीच्या नुसत्या स्पर्शातून मिळतोय, आणि तो स्पर्श मळाने, झिजेने तुटतो. खाली एक छोटा चेंजओव्हर स्विच लावा, पॉइंट हलवणाऱ्या दांड्यालाच जोडलेला. त्याची मधली वायर त्या धातूच्या टोकाला, बाकी दोन वायरी दोन रुळांच्या जोडीला. पॉइंट ज्या बाजूला फिरेल त्या बाजूची पोलॅरिटी आपोआप येते. टोकाच्या पलीकडच्या दोन्ही आतल्या रुळांना इन्सुलेटेड जॉइनर मात्र घालायला विसरू नका, नाहीतर शॉर्ट.

डीसीसीचा बूस्टर (रुळांना करंट देणारं यंत्र) जोडलात की पहिलं काम, लेआउटच्या प्रत्येक टोकाला, प्रत्येक यार्ड लाइनवर, दोन्ही रुळांवर आडवं नाणं ठेवा. बूस्टरने ताबडतोब करंट तोडला पाहिजे. जिथे तोडत नाही तिथे वायर कमी पडतेय, आणि तिथे गाडी उतरून शॉर्ट झालं तर पाच अँपिअर त्या डब्याच्या चाकांतून वाहत राहतील. अशा प्रत्येक जागी आणखी एक फीडर (जाड जोडीतून रुळाला येणारी छोटी वायर) टाका आणि नाणं परत ठेवून बघा.